सहावा कप

जपानला निघायच्या आधी पंधरा दिवस आमच्याकडे माणसांची ये-जा वाढली. "आमच्यासाठी काही आणत बसू नका हं," असं प्रत्येकाने चहा पिता पिता सांगितलं. आमच्या घराण्यात या वाक्याचा अर्थ 'विसरू नका' असा होतो. वन्संनी मात्र तेवढाही आडपडदा ठेवला नाही. "वहिनी, आणणारच असाल तर अस्सल आणा. पंखे-बिंखे नकोत, ते तुळशीबागेतही मिळतात."

२३ किलोंच्या बॅगेत सगळ्यात आधी भरला गेला तो हा 'अस्सल' शब्द.

माझ्या लहानपणी जपानी वस्तूच्या अस्सलपणाची चौकशी कुणी करत नसे. 'मेड इन जपान' हेच प्रमाणपत्र. शेजारच्या अप्पांकडे जपानी ट्रान्झिस्टर होता. त्याला चामड्याचं कव्हर, कव्हरावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. विविध भारती तीन पांघरुणांखालून कण्हल्यासारखी ऐकू यायची, पण यंत्र जपानी आहे या समाधानात अख्खा वाडा ऐकायचा. आता लेक तिकडेच नोकरीला आहे. तोक्योच्या निशिकासाई भागात राहते. तिथे आपली माणसं इतकी, की हिंगाची डबी चालत जाऊन आणता येते. आणि आता जपानी वस्तू हातात घेतली की मी करायचं काय, तर ती पालथी घालून 'मेड इन चायना' तर नाही ना, ते बघायचं. तीन आठवडे मी जपान पाहिला तो असा, बुडाकडून.

सुरुवात आसाकुसाला झाली. सेन्सोजीच्या देवळाला जाताना तो भला मोठा लाल कंदील लागतो आणि त्याखालून गेलं की अडीचशे मीटरची दुकानांची रांग, नाकामिसे. आळंदीच्या गल्लीत शिरल्यासारखंच वाटलं. बुक्का आणि तुळशीच्या माळांच्या जागी मांजरं आणि तलवारी, एवढाच फरक. मी एक पंखा उचलला, मिटला, उघडला आणि पालथा केला. दांडीच्या टोकाशी तिळाएवढी चिठ्ठी. लेकीने वाचली आणि म्हणाली, "चीन." मी दुकानदाराकडे रोखून पाहिलं. तो हसून वाकला. "आई, त्याच्याकडे असं काय बघतेस? त्याने लपवलंय कुठे? लिहिलंय की." खरंच होतं ते. फसवणूक अशी नव्हतीच. तिळाएवढं का होईना, खरं लिहिलेलं होतं. आणि खरं वाचायची आपली तयारी नसली की चिठ्ठी कितीही मोठी असून उपयोग नसतो.

मग लेकीने मला जपानी माणसं काय करतात ते सांगितलं. गावाला जाऊन आलं की तिथली वस्तू न्यायची, याला ते ओमियागे म्हणतात. हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ माती आणि उपज. पण नेतात काय, तर खाऊ! क्योतोला गेलेला यात्सुहाशीचा खोका आणतो. ऑफिसात माणसं बारा, म्हणून खोक्यात वड्या बारा आणि प्रत्येक वडी आपापल्या कागदात. म्हणजे लोणावळ्याची चिक्की आणि साताऱ्याचे कंदी पेढेच. माझा जीव भांड्यात पडला. पण मग सासूबाईंचा चेहरा आठवला. ८६ वर्षांच्या आहेत. बंद पाकिटातल्या कुठल्याही वस्तूला त्यांचा पहिला प्रश्न "यात अंडं आहे का?" आणि दुसरा "मग इतकं मऊ कसं?" खाऊचा बेत तिथेच बारगळला.

जावई माणूस मुद्देसूद. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला आओयामातल्या एका दालनात नेलं. देशभरातल्या पारंपरिक कारागिरीच्या वस्तू तिथे एका छताखाली ठेवलेल्या आहेत. "आई, इथे तुम्हाला काही पालथं करावं लागणार नाही," असं म्हणाले. जपानने १९७४ साली या हस्तकलांसाठी कायदाच केला. आज त्या सरकारी यादीत २४० हून जास्त कला आहेत. ज्या वस्तूला मान्यता आहे तिच्यावर एक गोल खूण असते. ती काढली युसाकु कामेकुरा यांनी. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकचं ते लाल सूर्याचं चिन्ह त्यांचंच. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क असतो तसं इथे वाटीला आणि चटईला.

यादीत बसायच्या अटी मी तिथल्या पत्रकावर वाचल्या. मुख्यतः हाताने केलेली हवी. तंत्र आणि माल साधारण १०० वर्षांपासून चालत आलेला हवा. त्या भागात करणारे एकटेदुकटे नकोत, निदान १० कारखाने किंवा ३० माणसं तरी हवीत. इथवर माझी मान डोलत होती. पण सगळ्यात पहिली अट वाचून मी थबकले. वस्तू रोजच्या जगण्यात वापरायची असली पाहिजे.

रोजच्या! माझ्या डोळ्यांसमोर धाकट्या जावेचं शोकेस आलं. त्यात सिंगापूरचा सिंह, आग्र्याचा ताजमहाल, लग्नातला काचेचा डिनर सेट आणि कुणीतरी दिलेला शंख आहे. त्याला कुलूप आहे. डिनर सेटचं लग्न यंदा ३१ वर्षांचं झालं, अजून त्याने आमटी पाहिलेली नाही. या कायद्याप्रमाणे आम्ही पुण्याला नेलं की जगातली कुठलीही अस्सल वस्तू दारातच अस्सलपणा गमावणार होती.

किमती बघताना शून्यं मोजावी लागत होती. एक येन म्हणजे अर्ध्या रुपयाहून थोडासा जास्त, त्यामुळे आधी छातीत धस्स होतं, मग भागाकार होतो आणि मग थोडं कमी धस्स होतं. लाखेसारखी चकाकणारी एक सुपाची वाटी होती. आतून लाल, बाहेरून काळी. हातात घेतली तर वजनच नाही! सुगरणीच्या हातची पोळी उचलल्यासारखी हलकी. वाजिमाची होती. किमतीत आमच्याकडे भांड्यांचं अख्खं फडताळ आलं असतं. पण तिची गोष्ट ऐकली आणि भागाकार करायचा राहिला.

ही लाख नव्हे. उरुशी नावाच्या झाडाचा चीक. झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, एका मोसमात त्याच्या सालीवर चरे पाडून चीक गोळा करायचा आणि मग झाड तोडायचं. एका झाडाचा चीक भरतो पाव किलोच्याही आत. कच्चा चीक अंगाला लागला तर पुरळ उठतं. हे ऐकताच मी मराठीतच म्हणाले, "बिब्बा उततो तसा?" घरी येऊन पाहिलं तर खरंच, उरुशी, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली. देठाजवळच्या चिकाने लहानपणी तोंडाच्या कोपऱ्यात फोड आलेलं प्रत्येक कोकणी पोर उरुशीच्या कारागिराचा लांबचा नातलग आहे. त्याहून गंमत म्हणजे हा चीक उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवा लागते. कारागीर वाट्या ओलसर कपाटात ठेवतात, मग त्या कडक होतात. श्रावणात सादळलेल्या पापडांपुढे आयुष्यभर हात टेकलेल्या बाईला हे पटवून घ्यायला थोडा वेळ लागला. वाजिमाच्या वाटीला लाकूड घडवण्यापासून शेवटच्या हातापर्यंत शंभरावर टप्पे. खाली जळलेल्या मातीची पूड मिसळलेले थर, काठाला कापड, वर चिकाचे हात, मध्ये मध्ये घासणं. १ जानेवारी २०२४च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत वाजिमाचा जुना बाजार जळाला, कित्येकांची कामाची जागा गेली. ज्या हातांनी ही वाटी केली ते आज कुठे बसून काम करत असतील, असं मनात आलं. मी वाटी दोन्ही हातांनी जागेवर ठेवली.

घेतल्या त्या वाकासाच्या, शिंपल्याचे तुकडे जडवलेल्या उरुशीच्या चॉपस्टिक्स. पुण्यात त्यांनी कोण जेवणार, हा प्रश्न गैरलागू आहे. त्यातली एक सध्या पुतणीच्या अंबाड्यात असते. दुसरीचा तपास चालू आहे.

त्याच दालनात बिल ४,७०० येन झालं. ५,०००च्या वर गेलं आणि पासपोर्ट दाखवला की परदेशी पाहुण्याला १० टक्के कर माफ, हे जावयांनी मला सकाळीच सांगून ठेवलं होतं. ४,७०० वर थांबणारी बाई सिंहगड रस्त्याला जन्माला यायची आहे. मी एक तेनुगुई उचलला. तेनुगुई म्हणजे हातभर रुंद, दोन हात लांब सुती कापड. थोडक्यात आपला पंचाच. पण काय सुरेख निळा! रंग कापडावर ओतून आरपार मुरवतात, त्यामुळे त्याला उलटी बाजूच नसते. बुडाकडून बघणाऱ्या बाईची त्याने चांगली जिरवली. आणि त्याची दोन टोकं नुसती कापलेली असतात, दुमडून शिवलेली नसतात. का, तर पाणी लवकर सुकावं, घडीत ओल आणि मळ धरू नये. पहिल्या काही धुण्यांत दशा निघतात, मग आपोआप थांबतात. हे सगळं मी सासूबाईंना फोनवर सांगितलं होतं, तरीही पुण्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी तो पंचा दोन्ही टोकांना टिपेची शिलाई मारून माझ्या पुढ्यात आला. "एवढ्या लांबून आणलास आणि दशा निघतायत. दुकानदाराने फसवलं तुला. मी नीट करून घेतला."

किटलीचं प्रकरण याहून मोठं. इवाते प्रांतातलं नाम्बु घाटाचं ओतीव लोखंडी काम फार जुनं. १९७५ मध्येच ते सरकारी यादीत बसलं. तिथल्या किटलीला तेत्सुबिन म्हणतात. काळी, गोल, अंगभर गारांसारखे बारीक उठाव. एक एक उठाव कारागीर मातीच्या साच्यात आतून टोचून काढतो. मी बोट फिरवलं. घामोळं आलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटलं. इथेही दोन जाती असतात. एक आतून चकचकीत मुलामा दिलेली, चहापत्ती घालायला. ती चुलीवर ठेवायची नाही. दुसरी आतून उघडी, फक्त पाणी उकळायला. बहुतेक पाहुणे पहिली घेतात आणि घरी जाऊन गॅसवर ठेवतात. मी अस्सलच्या नादात दुसरी घेतली. भरली दीड किलो. ती हातातल्या पिशवीत ठेवली, म्हणून विमानतळावर तपासणीच्या पडद्यावर एक काळाकभिन्न गोळा उमटला आणि तीन अधिकारी माझ्याभोवती जमले. झाकण काढून दाखवल्यावर ते तिघेही वाकले. मीही वाकले. तोवर सवय झाली होती.

तिच्याबरोबर सूचनांचा कागद होता. आतून घासायचं नाही. साबण नाही. पाणी गरम असतानाच पूर्ण ओतून टाकायचं आणि झाकण काढून तिच्याच उष्णतेवर कोरडं होऊ द्यायचं. आत तांबूस ठिपके दिसले तर घाबरायचं नाही. पाणी स्वच्छ आहे तोवर सगळं ठीक आहे. हळूहळू पाण्यातल्या क्षारांचा पांढरट थर धरतो, तो तिचं रक्षण करतो.

मी हे सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंनी किटली हातात घेतली, वजन तोललं, टिचकी मारली आणि निकाल दिला, "बिडाची आहे." मी म्हटलं, "अहो आई, नाम्बुची आहे." "असेल. पण बिडाची आहे." आणि त्यांचं बरोबर होतं. बिडाचा तवा, बिडाचं आप्पेपात्र यांत त्यांची सत्तर वर्षं गेली आहेत. बिडाला गंज धरू नये म्हणून काय करतात, हे त्यांना कुठल्या कागदावरून वाचायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटलीत पाणी उकळलं, चहा केला आणि पहिल्याच घोटाला शेंगदाण्याच्या तेलाची चव आली. कपात वर तेलाचे गोल गोल चांदवे तरंगत होते. "रात्री तेलाचं बोट फिरवलं मी आतून," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या लक्षात राहत नाही काही."

लेकीला फोन लावला. तेल काढायचं, तर घासायचं नाही. आमच्या स्वयंपाकघरात न घासता काही काढायची रीत नाही, त्यामुळे दोघींनाही काही सुचेना. दोन दिवस नुसतं पाणी उकळून ओतत होतो. ओतीव किटलीच्या आत भट्टीत तापवून एक पातळ काळा थर चढवलेला असतो, तो घासल्याने जातो. म्हणून एवढं सोवळं. मग लेकीने एक उपाय सांगितला. गंजलं तर जपानी लोक आत चहाची पत्ती उकळतात. चहातला तुरटपणा आणि लोह एक होऊन काळा थर धरतो. आमच्याकडे ग्रीन टी नव्हता. सासूबाईंनी आपल्या नेहमीच्या चहापुडीची पुरचुंडी बांधली आणि टाकली. पाणी शाईसारखं काळं झालं. त्यांनी ते बघितलं आणि समाधानाने म्हणाल्या, "हिरड्याचं पाणी लोखंडात घातलं की असंच होतं. आमच्या वडिलांची शाई अशीच व्हायची." पुढे दोन दिवसांत तेलाचा वास गेला. किटली तेव्हापासून रोज गॅसवर चढते. कायद्याची पहिली अट आमच्या घरात पाळणारी ती पहिली वस्तू.

ओकायामाला मी गेले ते जवळजवळ शेजारधर्म म्हणून. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. २००६ पासून आहे, आणि माझं रोजचं फिरणं तिथेच. नक्कल रोज पाहते, मूळ एकदा बघून यावं म्हटलं. बाग सुंदरच होती, पण माझं मन अडकलं ते तिथून तासाभराच्या आतल्या इम्बेमध्ये. छोटं स्टेशन, विटांची धुराडी आणि दुकानादुकानात बिझेनची मातीची भांडी.

बिझेनला चकाकीचा हात नसतो, रंग नसतो, नक्षी नसते. लाकडाच्या भट्टीत दहा-बारा दिवस जाळ खाल्लेली माती, बस. जे काही दिसतं ते आगीने काढलेलं. राख उडून बसते तिथे तिळासारखे ठिपके, आणि त्या ठिपक्यांना म्हणतातही तीळच. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा गुंडाळतात; पेंढा टेकतो तिथे तांबड्या रेघा उमटतात. एका दुकानात पेंढ्याच्या रेघांचा एक पेला होता. फिकट अंगावर तांबडी रेघ, जणू कुणीतरी घाईत कुंकू लावलं आणि हात हलला. दुकानात एक वयस्क बाई होत्या. भांडी त्यांच्या यजमानांनी घडवलेली. लेक मध्ये बसून दुभाष्याचं काम करत होती.

बाईंनी विचारलं, यात काय पिणार? मी म्हटलं, चहा. त्या खूश झाल्या. मग त्यांनी जरा काळजीने विचारलं, दूध घालून? मी मान डोलावली. साखरही? साखरही. त्यावर त्यांनी शेल्फवरून तो पेला हळूच उचलून मागे ठेवला आणि एक गडद, राकट, निम्म्या किमतीचा पेला पुढे केला. लेक हसू दाबत म्हणाली, "आई, त्या म्हणतायत की तुमच्या चहाचे डाग यावर शोभतील." आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराने मला स्वस्त वस्तू घ्यायला लावली होती. वापरायच्या आधी थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवा, असंही त्यांनी सांगितलं. माठ आणल्यावर करतात तसंच. मी घासाघीस करायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. त्या देशात भाव करत नाहीत हे मी रोज सकाळी स्वतःला बजावून निघायची आणि दुपारपर्यंत विसरायची. बाईंनी पेला कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला, खोका पिशवीत घातला आणि दुकानाबाहेर येऊन मगच पिशवी माझ्या हातात दिली. वळणावर मागे पाहिलं तर त्या अजून उभ्या होत्या. मी पुन्हा वाकले.

तोक्योला परतल्यावर जावयांनी कोमाबातलं लोककलेचं संग्रहालय दाखवलं. सोएत्सु यानागी या विचारवंताने १९३६ साली उभं केलेलं. त्यांचं म्हणणं असं, की निनावी कारागिरांनी सामान्य माणसाच्या वापरासाठी केलेल्या साध्या वस्तूंतच खरं सौंदर्य असतं. मला पटलं. मी मनोभावे एकेक वाडगा पाहिला. सगळे काचेच्या कपाटात होते. जावेच्या शोकेसचा थोरला भाऊच म्हणायचा.

अस्सल आणि नक्कल यांचा खरा घोळ घातला तो काप्पाबाशीने. आसाकुसाच्या शेजारचा हा भांड्यांचा बाजार. झारे, सुऱ्या, तपेली, आणि मध्येच खोट्या जेवणाची दुकानं! हॉटेलच्या दर्शनी काचेत ठेवतात ते नूडल्सचे वाडगे, केकचे तुकडे, फेसाळलेली बिअर. हा धंदा मोठा केला गुजो हाचिमान गावच्या ताकिझो इवासाकी यांनी. १९३२ साली त्यांनी मेणाचं ऑम्लेट करून ओसाकात सुरुवात केली. दुकानात एक चित्रफीत चालू होती. कोमट पाण्यावर पांढरं मेण ओतलं, त्यापुढे हिरवं ओतलं, दोन्ही हातांनी अलगद पाण्याखाली ओढलं आणि क्षणात सळसळीत कोबीसारखा पाला तयार. मी चार वेळा बघितली. सगळं हाताने केलेलं, रोजच्या उपयोगाचं, गावाच्या नावाने ओळखलं जाणारं. यात नकली काय, तर फक्त पदार्थ. मी लिंबाची एक फोड घेतली. पालथी करून पाहिलीच नाही.

कपांचं सांगायचं राहिलं. हासामी हे नागासाकी प्रांतातलं चिनी मातीचं गाव. त्याचा माल कित्येक वर्षं शेजारच्या आरिता गावाच्या नावाने खपत होता. आता कुठे तो स्वतःच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे कुठलाही आंबा देवगडच्या पेटीत शिरतो, त्याची ही उलटी गोष्ट. इथे माल चोख होता आणि नाव उसनं. मी त्या गावाची कीव आली म्हणून म्हणा, निळ्या रेघांचे कान नसलेले कप घेतले. त्यांचा संच पाचाचा. चारच्या उच्चारात मरण ऐकू येतं, म्हणून चार टाळतात; आणि सहा का नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

"पाचच?" सासूबाईंनी खोका पुन्हा तपासला. "सहावा कुठे फोडलास?"

मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं की सून जपानहून कप आणताना एक फोडून आली.

वाटप झालं. वन्संना नारुकोची कोकेशी दिली, लाकडी बाहुली. तिची मान फिरवली की कुईं असा आवाज येतो; मान अशी घट्ट बसवतात की ती रडावीच. वन्संनी बुडाकडून बघितली, गोल खूण बघितली, "अस्सल" म्हणाल्या आणि कपाटात ठेवली. भावजींना हाकोनेची हिमित्सु-बाको, म्हणजे गुपिताची पेटी. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या काड्या चिकटवून ठोकळा करतात, त्यावर रंधा मारून कागदाएवढा पातळ नक्षीदार पापुद्रा काढतात आणि तो पेटीवर चढवतात. रंगाचा थेंब नाही, सगळा रंग लाकडाचा. ही पेटी सरळ उघडत नाही. एक बाजू थोडी सरकवायची, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. अशा दहा खेपा झाल्या की झाकण सुटतं. भावजी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना ती फार आवडली.

दिवाळीत सगळे आमच्याकडे फराळाला जमले. माणसं सहा. मी पाच कप मांडले आणि सहावा इम्बेचा राकट पेला. सासूबाईंनी तोच उचलला. गेल्या काही महिन्यांत दूध-साखरेच्या चहाने तो आतून चांगलाच मुरला आहे. त्या बाईंचा अंदाज चुकला नव्हता. पोह्यांच्या बशीच्या कडेला मी हौसेने ती काप्पाबाशीची फोड ठेवली होती. सांगायच्या आत वन्संनी ती उचलली आणि पोह्यांवर पिळायला लागल्या. पिळत राहिल्या. "वहिनी, लिंबू फार सुकंय हो."

भावजी मात्र गप्प होते. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून पेटी काढली. पावसाळ्यात त्यांनी तिच्यात लॉकरची किल्ली ठेवली होती. सहा खेपा होतात, सातवी सरकत नाही. बहुधा दमट हवेने लाकूड फुगलं असावं, असं लेक तिकडून व्हिडिओ कॉलवर म्हणाली. मी म्हटलं, "पेटीबरोबर कागद होता ना, कुठल्या क्रमाने सरकवायचं त्याचा?"

"होता," भावजी म्हणाले. "हरवू नये म्हणून किल्लीबरोबर आतच ठेवलाय."

पेटी एकेकाच्या हातातून फिरली. प्रत्येकाने कानाशी धरून हलवून पाहिली. किल्ली वाजत होती. सासूबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"इकडे आण. तेलाचं बोट लावून बघते."